दिवस गेले, हे कसे कळले?

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला जाण्याचा योग आला. प्रजनन संस्थेचा धडा वर्गात कसा शिकवावा, यावर चर्चा चालू होती. एका शिक्षिकेने आपल्या वर्गात प्रश्नपेटी ठेवली होती. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, एवढाच नियम. एका चिठ्ठीत लिहिले होते, "औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीला बाईला दिवस गेले आहेत हे कसे कळते?" बाईंनी ती चिठ्ठी आमच्यापुढे ठेवली आणि याचे उत्तर काय द्यावे, असे विचारले. मागच्या रांगेत थोडा हशा झाला. "मुलींना हे आत्तापासून कशाला हवे?" असेही कोणी म्हणाले.

आम्ही संप्रेरके, प्रतिपिंडे असे काही शब्द वापरून तीन-चार वाक्यांत उत्तर दिले आणि सत्र पुढे सरकले. परतीच्या एस.टी.त मात्र वाटत राहिले की उत्तर फार तोकडे झाले. ती पट्टी सहज तयार झालेली नाही. तिच्यामागे गव्हाचे दाणे आहेत, हजारो उंदीर आणि ससे आहेत, आफ्रिकेतला एक बेडूक आहे आणि आपल्या देशात झालेला एक लांबलेला लढाही आहे. त्या चिठ्ठीचे हे थोडे सविस्तर उत्तर.

शरीराची चाहूल

पाळी चुकणे, सकाळी मळमळणे, अन्नाचा वास नकोसा होणे, स्तन जड व दुखरे होणे, वारंवार लघवीला जावे लागणे, विनाकारण थकवा येणे ही गर्भारपणाची सुरुवातीची लक्षणे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहेत. आपली भाषाही याची साक्ष देते. "दिवस गेले", "दिवस राहिले" हे शब्दप्रयोग पाळीच्या मोजणीतूनच आले आहेत. "डोहाळे" हा शब्द संस्कृतातील "दोहद" या शब्दापासून आला. चरकसंहितेत गर्भिणीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत पाळी बंद होणे, तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरची वासना उडणे, ओकारी, आंबट खावेसे वाटणे आणि स्तनाग्रे काळसर होणे यांचा समावेश आहे. हे निरीक्षण आजही खरे ठरते.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की यांतील प्रत्येक लक्षणाला दुसरेही कारण असू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी अनेक महिने येत नाही. कुपोषण, मानसिक ताण, थायरॉइड ग्रंथीचा आजार यांमुळेही पाळी चुकते. थकवा रक्तक्षयाचा असू शकतो आणि मळमळ पित्ताची. उलट काही स्त्रियांना गर्भ राहिल्यावरही थोडा रक्तस्राव होतो आणि त्यांना ती पाळीच वाटते. लक्षण शंका घ्यायला लावते, खात्री देत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा फरक मुलांच्या मनावर जरूर ठसवावा.

खात्री नसण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. फाशीची शिक्षा झालेल्या स्त्रीने "मी गर्भवती आहे" असे सांगितले, तर बारा प्रौढ स्त्रियांची पंचसमिती तिला तपासत असे. पोटातील मूल हालत असल्याचा निर्वाळा मिळाला तर फाशी पुढे ढकलली जाई. पण मुलाची हालचाल साधारण चार-पाच महिन्यांनंतरच जाणवते. त्याआधीच्या काळात असलेली स्त्री खरे बोलत असूनही पंचांना काहीच सापडत नसे. ही पद्धत तेथे १९३१ साली कायद्याने बंद झाली.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी आणखी काही खुणा शोधल्या. १८२१ साली फ्रान्समध्ये केर्गारादेक यांनी नुकत्याच निघालेल्या स्टेथोस्कोपने गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकले. गर्भाशयाच्या मुखाचा रंग निळसर होणे, गर्भाशयाचा खालचा भाग मऊ पडणे या खुणाही वैद्यकाच्या पुस्तकांत आल्या. पण ठोके ऐकू येईपर्यंत निम्मे दिवस भरलेले असत आणि इतर खुणा पुरेशा निश्चित नव्हत्या. पहिल्या काही आठवड्यांचा प्रश्न तसाच राहिला.

गहू, सातू आणि लघवी

लघवीवरून गर्भ ओळखण्याची कल्पना फार जुनी आहे. बर्लिनच्या संग्रहालयात असलेल्या, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसमध्ये एक परीक्षा लिहिलेली आहे. स्त्रीने गहू आणि सातू म्हणजे बार्ली यांच्या दाण्यांवर रोज लघवी करावी. दाणे उगवले तर ती गर्भवती, कोणतेच उगवले नाहीत तर नाही. कोणते धान्य उगवले यावरून मुलगा की मुलगी हेही कळते, असा दावा त्यात आहे. म्हणजे "मुलगा की मुलगी" हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

कोणीही हे वाचून हसेल. पण १९६३ साली इजिप्तमधील संशोधकांनी हसण्याऐवजी प्रयोग करून पाहिला. पुरुषांच्या आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांच्या लघवीने दाणे उगवले नाहीत. गर्भवतींच्या लघवीने सुमारे ७० टक्के वेळा उगवले. मुलगा-मुलगी ओळखण्याचा दावा मात्र टिकला नाही. एकाच जुन्या ग्रंथातील दोन विधाने तपासली, एक बऱ्याच अंशी खरे निघाले आणि दुसरे खोटे. परंपरेतील ज्ञानाकडे कसे पाहावे, याचा याहून चांगला धडा आम्हाला ठाऊक नाही.

तरीही ७० टक्के म्हणजे काय, याचा विचार करा. दर दहा गर्भवतींपैकी तिघींना ही परीक्षा "तू गर्भवती नाहीस" असे सांगणार. शिवाय दाणे उगवायला दिवस लागणार ते वेगळेच. लघवीत काहीतरी आहे, एवढा धागा मात्र बरोबर होता.

उंदीर आणि ससे

त्या "काहीतरी"चा शोध लागला बर्लिनमध्ये. सेल्मार अॅशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी १९२७-२८ च्या सुमारास असे दाखवले की, गर्भवतीच्या लघवीत बीजांडकोशाला उत्तेजित करणारे एक संप्रेरक असते. त्यावर त्यांनी परीक्षा बसवली. वयात न आलेल्या, तीन-चार आठवड्यांच्या पाच मादी उंदरांना स्त्रीची लघवी दोन दिवसांत अनेक वेळा टोचायची. सुमारे चार दिवसांनी उंदीर मारून त्यांचे बीजांडकोश पाहायचे. कोवळ्या बीजांडकोशावर लाल ठिपके दिसले, म्हणजे तो अकाली पक्व झाला असेल, तर स्त्री गर्भवती. या परीक्षेचा निकाल शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर येई. गहू-सातूच्या मानाने ही फार मोठी झेप होती.

पाच उंदीर का, एक का नाही? प्राणी प्राण्यात फरक असतो. एखादा उंदीर मध्येच मरतो, एखादा प्रतिसाद देत नाही. एकाच प्राण्यावर विसंबून निकाल द्यायचा नाही, ही खबरदारी त्यामागे होती.

हे संप्रेरक मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येते, असे दोघांचे मत होते. ते चुकीचे होते. १९३८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय, जॉर्जियाना सीगर आणि लुई हेलमन यांनी वारेच्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्या पेशीच हे संप्रेरक तयार करतात हे दाखवून दिले. संप्रेरकाचा उगम सांगण्यात चूक झाली, तरी परीक्षा बरोबरच राहिली. आज त्याला मानवी कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, थोडक्यात एचसीजी, म्हणतात. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागले की भोवतीच्या पेशी ते स्रवू लागतात आणि पाळी येऊ न देण्याचा निरोप बीजांडकोशाला पोचतो. स्त्रीची लघवी उंदराला टोचणे म्हणजे तोच निरोप दुसऱ्या प्राण्याच्या बीजांडकोशाला वाचायला देणे होय.

या दोघा शास्त्रज्ञांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. दोघेही ज्यू होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर झोंडेक यांना पदावरून काढण्यात आले. ते स्वीडनमार्गे जेरुसलेमला गेले. अॅशहाइम यांनाही जर्मनी सोडून फ्रान्स गाठावे लागले. त्यांची परीक्षा तोवर जगभर पसरली होती. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे १९२९ पासून एक केंद्रच चालू झाले होते. तेथे डॉक्टर टपालाने लघवीचे नमुने पाठवत.

१९३१ साली अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन यांनी उंदरांऐवजी मादी ससा वापरला. सशाच्या मादीत नराशी संबंध आल्याशिवाय बीजांड सुटत नाही. त्यामुळे एकटी ठेवलेली मादी ही तयार चाचणी-साधनच होती. निकाल दोन दिवसांत येई. "ससा मेला" म्हणजे बाई गर्भवती, असा वाक्प्रचारच अमेरिकेत रूढ झाला. तो चुकीचा आहे. बीजांडकोश पाहण्यासाठी पोट फाडावेच लागत असल्याने निकाल काहीही असो, बहुधा प्रत्येक ससा मरतच असे.

केपटाऊनचा बेडूक

प्राणी न मारता निकाल मिळाला तर? याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेत मिळाले. लॅन्सलॉट हॉगबेन हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ १९२७ साली केपटाऊनला गेले. "मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन" या १९३६ च्या पुस्तकाचे लेखक म्हणून गणिताच्या अनेक शिक्षकांना त्यांचे नाव परिचित असेल. झेनोपस या नखे असलेल्या स्थानिक पाणबेडकावर ते प्रयोग करत होते. बैलाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचताच मादी अंडी घालते, असे त्यांना १९३० साली आढळले. वंशभेदाच्या वातावरणाला कंटाळून त्याच वर्षी त्यांनी तो देश सोडला. तेथीलच हिलेल शापिरो आणि हॅरी झ्वारेनस्टाइन यांनी पुढे १९३३-३४ मध्ये गर्भवतीच्या लघवीनेही हीच गोष्ट घडते हे दाखवून तिची परीक्षा बसवली.

संध्याकाळी टोचले की सकाळी पाण्यात अंडी दिसत. ती साध्या डोळ्यांनी मोजता येत. बेडूक जिवंत राही आणि काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा वापरता येई. १९४७ साली अर्जेंटिनात कार्लोस गाली मैनिनी यांनी नर भेक वापरून काही तासांत निकाल मिळवला. नराच्या लघवीत शुक्रजंतू दिसले की स्त्री गर्भवती. आपल्या अंगणात पावसाळ्यात दिसणारा साधा भेकही भारतातील प्रयोगशाळांत या कामी आला.

झेनोपस हजारोंच्या संख्येने आफ्रिकेतून जगभर गेला. बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या एका घातक बुरशीने पुढे अनेक देशांतील बेडूक मरू लागले, तेव्हा संशयाची सुई या व्यापाराकडे वळली. १९३८ सालच्या एका जतन केलेल्या झेनोपसमध्ये ती बुरशी सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले होते. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने मात्र बुरशीचे मूळ पूर्व आशियाकडे दाखवले. मूळ कोठलेही असो, प्राण्यांची जगभर ने-आण केली की त्यांच्याबरोबर रोगही जातात, हे यातून शिकण्यासारखे आहे.

प्राण्यांची सुट्टी

१९६० साली स्वीडनमध्ये लीफ वीडे आणि कार्ल गेमझेल यांनी प्राण्याची गरजच संपवली. त्यांनी मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींवर एचसीजीचा लेप दिला. एचसीजीला पकडणारी प्रतिपिंडे सशाच्या रक्तातून मिळवली. परीक्षानळीत प्रतिपिंडे आणि स्त्रीची लघवी एकत्र केली आणि मग त्यात त्या पेशी टाकल्या. लघवीत एचसीजी नसेल तर प्रतिपिंडे मोकळी राहतात आणि पेशींना एकमेकींशी जोडून त्यांचा थर पसरवतात. एचसीजी असेल तर प्रतिपिंडे आधीच गुंतून पडतात. मग पेशी सुट्या राहून नळीच्या तळाशी गोल कडे तयार होते. कडे दिसले तर गर्भ आहे. यात दोन तासांत निकाल मिळू लागला.

एक दोष राहिला होता. एचसीजीचे रेणू दोन भागांचे असतात. त्यांतला एक भाग पीयूषिका ग्रंथीच्या काही संप्रेरकांतही हुबेहूब असतो. त्यामुळे कधीकधी गल्लत होई. अमेरिकेत ज्युडिथ वैतुकैतिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस यांनी १९७२ साली दुसऱ्या, म्हणजे बीटा, भागाला ओळखणारी प्रतिपिंडे वापरून ही गल्लत दूर केली. आता पाळी चुकण्याच्या सुमारासच निकाल मिळणे शक्य झाले.

एक गोळी आणि एक लढा

याच काळात एक वेगळीच "परीक्षा" दवाखान्यांत चालू होती. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या प्रकारच्या संप्रेरकांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्त्रीला द्यायच्या. काही दिवसांत रक्तस्राव झाला तर ती गर्भवती नाही, झाला नाही तर आहे. उंदराला, सशाला, बेडकाला टोचण्याच्या परीक्षेत निदान स्त्रीच्या शरीरात काही जात नव्हते. येथे प्रयोगाचे पात्र ती स्वतः आणि तिचा गर्भ होता.

१९६७ साली ब्रिटनमध्ये इझाबेल गाल या डॉक्टर बाईंनी या गोळ्या आणि बाळांतील जन्मजात व्यंगे यांचा संबंध असावा, अशी शंका "नेचर" या नियतकालिकात मांडली. तेथे त्या १९७८ मध्ये बाजारातून गेल्या. संबंध कार्यकारणाचा आहे की नाही, यावर अजूनही मतभेद आहेत. २०१७ साली ब्रिटनमधील तज्ज्ञ गटाने पुरावा पुरेसा नसल्याचे म्हटले. २०२० च्या दुसऱ्या चौकशीने मात्र त्या गोळ्या १९६७ मध्येच मागे घ्यायला हव्या होत्या, असे मत दिले. आम्हाला या दोन निष्कर्षांत विसंगती दिसत नाही. लघवी तपासून दोन तासांत उत्तर मिळत असताना गर्भाला शंकास्पद औषध देण्याचे कारणच काय होते? धोका सिद्ध होण्याची वाट पाहायची, ती औषधाने फायदा होत असेल तेव्हा. येथे फायदाच नव्हता.

भारतात ही औषधे आणखी दहा वर्षे टिकली. १९८२ साली बंदीचा आदेश निघाला, पण उत्पादकांनी न्यायालयातून स्थगिती मिळवली. महिला संघटना, आरोग्य कार्यकर्ते, काही डॉक्टर आणि औषधशास्त्रज्ञ यांनी प्रश्न लावून धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाने जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये मोठ्या मात्रेच्या या मिश्रणांवर बंदी आली. विज्ञानाचे उत्तर हाताशी असणे आणि ते लोकांपर्यंत पोचणे यांत किती अंतर असते, ते या सहा वर्षांवरून कळते.

पट्टी स्त्रीच्या हाती

प्रयोगशाळेतील परीक्षा सोपी झाली, तरी उत्तर प्रथम डॉक्टरला कळत होते. हे बदलण्याची कल्पना शास्त्रज्ञाची नव्हती. १९६७ साली न्यू जर्सीतील एका औषध कंपनीत मार्गारेट क्रेन ही सव्वीस वर्षांची चित्रकार सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांचे काम करत होती. प्रयोगशाळेत तिला नळ्यांची रांग आणि तळातले कडे दिसावे म्हणून खाली लावलेला आरसा दिसला. हे तर बाई घरीच करू शकेल, असे तिला वाटले. कागदाच्या क्लिपा ठेवण्याच्या प्लॅस्टिकच्या डबीपासून तिने नमुना बनवला. वरिष्ठांनी प्रथम तो नाकारला, कारण डॉक्टर हेच कंपनीचे गिऱ्हाईक होते. अखेर पेटंट तिच्या नावे निघाले आणि ते तिने एका डॉलरला कंपनीच्या नावे करून दिले. १९७१ साली कॅनडात पहिला घरगुती संच विक्रीला आला. अमेरिकेत असे संच १९७७ मध्ये पोचले.

आजची पट्टी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. पट्टीच्या टोकाला रंगीत कण चिकटवलेली प्रतिपिंडे असतात. टिपकागदात शाई चढावी तशी लघवी पट्टीतून पुढे सरकते आणि ही प्रतिपिंडे बरोबर नेते. एचसीजी असेल तर ते या प्रतिपिंडांना धरते आणि पुढे पट्टीवर पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडे त्याला अडवतात. रंगीत कण तेथे साठून एक रेघ दिसते. त्यापुढची दुसरी रेघ गर्भ असो वा नसो, उमटलीच पाहिजे. ती उमटली नाही तर पट्टी खराब आहे आणि निकाल बाद. या रेघेला नियंत्रक रेघ म्हणतात. प्रयोगात नियंत्रक कशासाठी ठेवतात, हे शिकवायला एवढे स्वस्त साधन दुसरे नाही.

२००८ पासून आपल्या देशात "निश्चय" या नावाने हे संच आशा कार्यकर्त्यांमार्फत खेड्यापाड्यांत देण्याची योजना सुरू झाली. लवकर कळण्याला महत्त्व आहे. लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या, घेऊ नयेत अशी औषधे टाळणे, गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असल्यास जीव वाचणे हे सर्व लवकर कळण्यावर अवलंबून असते. गर्भपाताचा १९७१ चा कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती दोन्ही आठवड्यांच्या हिशेबावर उभ्या आहेत. ज्या बाईला उशिरा कळते, तिच्यापुढचे मार्ग कमी होतात.

पट्टीच्या मर्यादाही सांगाव्यात. फार लवकर केलेली परीक्षा खोटा नकार देऊ शकते, म्हणून पाळी न आल्यास आठवड्याने पुन्हा करावी. पोटात तीव्र दुखत असेल किंवा रक्त जात असेल तर पट्टीवर न विसंबता डॉक्टरकडे जावे. आणि पट्टी मुलगा की मुलगी हे सांगत नाही. तो जुना प्रश्न विचारण्यावर आपल्या राज्याने १९८८ साली देशात प्रथम कायद्याचा लगाम घातला.

शिबिरातल्या त्या बाईंना आम्ही आता हे सारे लिहून पाठवत आहोत. त्यांनी वर्गात पपायरसपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक टप्प्यावर मुलांना तीन प्रश्न विचारावेत: ही परीक्षा नेमके काय मोजते, ती चुकली तर किंमत कोण मोजतो, आणि उत्तर प्रथम कोणाला कळते? चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला शरीराबद्दल कुतूहल वाटले, यात हसण्यासारखे काही नव्हते. उद्या तिच्यावर किंवा तिच्या बहिणीवर पाळी चुकल्याची वेळ आली, तर कोणाच्या तर्कावर किंवा धाकावर न राहता तिला कसे आणि कोठे विचारायचे, हे ठाऊक असले पाहिजे.